खाणीतील वायुवीजन: एका संज्ञेची व एका वाक्यरचनेची समीक्षा

१

भूमिगत खाणीतील वायुवीजनासाठी लागणारी ऊर्जा कमी कशी करता येईल, हा प्रश्न वरकरणी खाण-अभियंत्याचा आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारल्यास ते गैर म्हणता येणार नाही. त्यावर उत्तर एवढेच की, शास्त्रीय लेखन हेही लेखनच आहे. त्यात संज्ञा असतात, वाक्ये असतात आणि वाक्यांना कर्ते असतात. एखाद्या विषयावरील गद्यात कर्त्याच्या जागी कोण बसतो हे पाहिले, तर त्या विषयाचा विचार करणाऱ्यांची दृष्टी कोठे खिळली आहे, हे बरेचसे कळून येते.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते एका विद्यार्थ्यामुळे. पारिभाषिक संज्ञांवरील एका तासाला मी फळ्यावर काही शब्द लिहिले होते. त्यांत ‘वायुवीजन’ हा एक होता. हा विद्यार्थी चंद्रपूर जिल्ह्यातील एका खाणवस्तीत वाढलेला. त्याचे वडील भूमिगत कोळसाखाणीत कामाला होते. तो म्हणाला, “सर, हा शब्द आमच्या घरी कधी कोणी उच्चारला नाही. बाबा पाळी संपवून आले की आई एवढेच विचारायची, आज आत हवा होती का?” वर्गात थोडा हशा झाला. पुढे मात्र त्या दोन वाक्यांतील अंतर माझ्या मनातून गेले नाही. आईच्या वाक्यात कर्ता हवा आहे, आणि ‘आत’ हे स्थळ आहे. फळ्यावरील शब्दात ना स्थळ होते, ना माणूस.

प्रश्न लहानसहान नाही. भूमिगत खाणीत वापरल्या जाणाऱ्या एकूण विजेचा फार मोठा हिस्सा हवा खेळती ठेवण्यावर खर्च होतो. कित्येक खाणींत तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो, तर खोल व उष्ण खाणींत शीतकरणाचा खर्च जमेस धरता त्याहूनही वर जातो. यंत्रे थांबतात, पाळी बदलते, सुट्टी येते. पण मुख्य पंखा रात्रंदिवस चालत राहतो. तेव्हा येथे वाचलेली ऊर्जा म्हणजे केवळ एका खात्यातील काटकसर नव्हे. परंतु येथे चुकीच्या ठिकाणी केलेली काटकसर ही माणसाच्या श्वासातून केलेली काटकसर ठरते, हेही तितकेच खरे. या दोहोंतील भेद कोणत्या भाषेत मांडला जातो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे: वायुवीजनाविषयीच्या गद्यात दीर्घकाळ पंखा, किंवा त्याच्या जागी असलेले एखादे यंत्र, हा कर्ता राहिला आहे. ज्या ज्या वेळी कर्त्याची जागा हवेच्या मार्गाला मिळाली, आणि पुढे ज्या ठिकाणी माणूस काम करतो त्या ठिकाणाला मिळाली, त्या त्या वेळी ऊर्जेच्या बचतीचा विचार खऱ्या अर्थाने पुढे सरकला.

२

प्रथम संज्ञेचा विचार करू. मराठीतील ‘वायुवीजन’ या शब्दाचा उत्तरार्ध ‘वीज्’, म्हणजे वारा घालणे, या संस्कृत धातूपासून आलेला आहे. ‘वीजन’ म्हणजे वारा घालण्याची क्रिया, आणि पंखाही. जुन्या मराठीतील ‘विंझणा’ हा शब्द याच कुळातला. म्हणजे आपल्या संज्ञेच्या पोटातच पंखा आहे. कोणी तरी वारा घालीत आहे आणि कोणी तरी तो घेत आहे, हे चित्र या शब्दाने मनासमोर उभे राहते.

इंग्रजीतील ‘व्हेंटिलेशन’ या शब्दाबद्दल आपण सहसा असे समजतो की, तो वारा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. ते खरे आहे. पण अपुरे आहे. ‘व्हेंटिलारे’ या लॅटिन क्रियापदाचा अर्थ वारा घालणे, हलवणे, आणि धान्य उपणणे असा आहे. म्हणजे तेथेही पंखा आहेच. परंतु सोबत एक निराळे चित्रही आहे. खळ्यावर उपणणारा शेतकरी वारा निर्माण करीत नाही. तो वाऱ्याची दिशा पाहतो, त्या दिशेला साजेसा उभा राहतो, आणि वारा पडला तर थांबतो. पंखा आणि खळे ही दोन चित्रे ऊर्जेच्या दृष्टीने परस्परांहून फार भिन्न आहेत.

जर्मन भाषेची गोष्ट आणखी निराळी. तेथे खाणीतील हवेलाच ‘वेटर’, म्हणजे हवामान, म्हणतात. स्फोटक वायूंनी युक्त हवा ही जणू प्रहार करणारे हवामान, आणि प्राणवायू कमी झालेली हवा म्हणजे मलूल हवामान. वायुवीजनाला त्यांचा शब्द ‘बेवेटरुंग’ असा आहे. फ्रेंचमधील ‘एराज’ हा शब्द केवळ हवा देण्याचा निर्देश करतो. हिंदी शास्त्रीय परिभाषेत ‘संवातन’ ही संज्ञा आहे. तिच्यातील ‘सम्’ या उपसर्गामुळे सर्वत्र, एकत्र वाहणे ही छटा येते आणि पंखा अदृश्य होतो.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. शब्दामुळे विचार ठरतो, असे विधान करणे सोपे असते आणि सिद्ध करणे अवघड. जर्मन खाणकामगाराच्या शब्दात हवामान होते म्हणून जर्मन खाणींचा वीजखर्च कमी झाला, असे म्हणणे हास्यास्पद होईल. संज्ञेने यंत्र चालत नाही. पण संज्ञा लक्ष वेधते; काय प्रथम पाहावे हे ती सुचवते. हवामान हे ठिकाणागणिक आणि वेळेगणिक बदलते. ज्याला खाणीची हवा हे हवामान वाटते त्याला ‘सगळीकडे सारखीच हवा का?’ हा प्रश्न सुचणे सोपे जाते. ज्याच्या शब्दात पंखा आहे तो प्रथम पंख्याकडे पाहतो. एवढाच माफक दावा मी करीत आहे.

३

आता ग्रंथांकडे वळू. या विषयावरील युरोपीय गद्याचा आरंभ गेओर्ग आग्रिकोला याच्या ‘दे रे मेटालिका’ या ग्रंथापासून मानण्याची प्रथा आहे. ग्रंथ १५५६ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, बाझेल येथे प्रसिद्ध झाला. तो लॅटिनमध्ये आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला त्याचे आकर्षण वाटावे याचे कारणही तेच. खाणकामगार बोलत होते जर्मन; अभिजात लॅटिनमध्ये त्यांच्या वस्तूंना नावेच नव्हती. आग्रिकोलाने जुन्या शब्दांना नवे अर्थ दिले, काही शब्द स्वतः घडवले. पुढे १९१२ साली हर्बर्ट हूव्हर व लू हेन्री हूव्हर या दांपत्याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले तेव्हा या घडवलेल्या शब्दांनीच त्यांना सर्वांत अधिक श्रम दिले. स्वतः खाण-अभियंता असलेले हेच हूव्हर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. परिभाषा घडविणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा.

ग्रंथाच्या सहाव्या भागात वायुवीजनाच्या यंत्रांचे वर्णन आहे. आग्रिकोला त्यांचे वर्ग पाडतो: वाऱ्याला अडवून खाली वळविणारी साधने, पात्यांचे फिरते पंखे, आणि भाते. काही माणसाच्या हाताने चालणारी, काही जनावरांच्या बळाने, काही पाण्याच्या चाकाने, काही खुद्द वाऱ्याने. सोबतची लाकडी ठशांची चित्रे इतकी सुस्पष्ट आहेत की ग्रंथ उघडताच दृष्टी त्यांच्यावर जाते. येथे वर्णनाचा कर्ता यंत्र आहे: यंत्र हवा घेते, यंत्र हवा देते, यंत्र दूषित हवा ओढून काढते.

परंतु ऊर्जेच्या दृष्टीने या ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचा उतारा सहाव्या भागात नाहीच. तो पाचव्या भागाच्या अखेरीस, जवळजवळ जाता जाता, आलेला आहे. तेथे आग्रिकोला सांगतो की, एकाकी खोल विहिरीत हवा साचून राहते. पण तिला बोगदा येऊन मिळाला किंवा दुसऱ्या विहिरीशी ती जोडली गेली की बाहेरची हवा आपण होऊन आत शिरते व बाहेर पडते. उन्हाळ्यात ती वरच्या तोंडातून शिरून खालच्यातून निघते. हिवाळ्यात क्रम उलटा होतो. कारण आज आपणास ठाऊक आहे: खडकातील हवेचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, म्हणून उन्हाळ्यात ती बाहेरच्या हवेपेक्षा थंड व जड, आणि हिवाळ्यात उबदार व हलकी असते. या उताऱ्यात यंत्र नाही, चित्र नाही, आणि कर्ता हवा आहे. ग्रंथकाराने तो यंत्रांच्या भागात घातला नाही, हे स्वाभाविक. पण त्यामुळे वाचकाच्या मनात ‘वायुवीजन म्हणजे सहावा भाग’ अशी फाळणी होते. नैसर्गिक प्रवाह आणि यंत्राचा प्रवाह यांचा एकत्र हिशेब करणे हे आजच्या ऊर्जा-बचतीचे एक मूलतत्त्व आहे. कॅनडातील सडबरीजवळील क्रेटन खाणीत बाहेरची हवा फुटक्या खडकांच्या मोठ्या राशीतून आत घेतली जाते. हिवाळ्यात ती तेथे उबदार होते, उन्हाळ्यात थंड. खाण दोन किलोमीटरांहून खोल असूनही तापविण्या-थंड करण्याचा बराचसा भार या खडकाने उचलला आहे. हा पाचव्या भागाचाच वारसा होय.

४

ललित वाङ्मयात खाणीची हवा ज्या ग्रंथाने अजरामर केली तो एमिल झोलाचा ‘जर्मिनाल’, प्रसिद्धी १८८५. लेखनापूर्वी झोलाने १८८४ साली उत्तर फ्रान्समधील आन्झँ येथील खाणी प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. त्याची ‘व्होरो’ खाण ही दबा धरून बसलेल्या, माणसे गिळणाऱ्या श्वापदासारखी आहे, आणि पहिल्याच प्रकरणात तिचा दीर्घ, जड श्वास ऐकू येतो. खाणीचा हा श्वास समीक्षकांनी पुष्कळदा गौरविला आहे. पण मूळ मजकूर काळजीपूर्वक वाचला तर दिसते की, हा श्वास वायुवीजनाचा नाहीच. पाणी उपसणाऱ्या पंपाची वाफ सुटण्याचा तो आवाज आहे. पुढे त्याच पहिल्या भागात माहो आडवा पडून जेथे कोळसा फोडतो, त्या वरच्या टोकाचे वर्णन येते: तेथे तापमान ३५ अंशांपर्यंत चढते आणि हवा फिरत नाही.

हे दोन उतारे एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे झोलाचे यश कशात आहे ते कळते. दारावरचे यंत्र मोठ्याने श्वास घेत आहे आणि शेवटच्या टोकाला माणूस गुदमरत आहे. झोलाला दाबाचे गणित सांगायचे नव्हते. तरीही खाणीच्या हवेविषयीचे मूळ सत्य त्याने नेमके पकडले. यंत्राचा आवाज हा हवा पोचल्याचा पुरावा नव्हे.

याच सत्याची एक अधिक कठोर साक्ष ललित वाङ्मयाबाहेर मिळते. हवा जवळच्या वाटेने निसटू नये म्हणून खाणीतील मार्गांवर दारे बसवावी लागत. ब्रिटनमध्ये बालकामगारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा १८४२ चा अहवाल सांगतो की, ही दारे उघडझाप करण्याचे काम अगदी लहान मुलांकडे असे. ती अंधारात एकटी तासन्‌तास बसत. गाडी आली की दोरी ओढायची, गेली की दार मिटू द्यायचे. साऱ्या खाणीची हवा त्या मुलाच्या जागेपणावर अवलंबून होती. त्याच वर्षीच्या कायद्याने स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुले यांना भूमिगत कामास बंदी झाली. दार उघडे राहिले तर हवेचा मोठा भाग कामाच्या तोंडापर्यंत न जाताच परत फिरे. आजच्या भाषेत याला गळती म्हणतात. गळती हा शब्द आपल्याला किरकोळ दुरुस्तीचा वाटतो. खाणीत तो मध्यवर्ती आहे.

५

कर्ता निश्चितपणे बदलला तो १८५४ साली. जॉन जॉब ॲटकिन्सन याने न्यूकॅसल येथील खाण-अभियंत्यांच्या संस्थेपुढे खाणींच्या वायुवीजनाच्या सिद्धांतावर निबंध वाचला. त्या काळी इंग्लंडातील कोळसाखाणींत विहिरीच्या तळाशी भट्टी पेटवून तापलेल्या हवेच्या ओढीने प्रवाह निर्माण करण्याची पद्धत सर्रास होती. चर्चा असे ती भट्टी चांगली की पंखा चांगला, याची. ॲटकिन्सनने मार्गाचा विचार केला. हवेला ढकलण्यास लागणारा दाब हा मार्गाच्या घासणाऱ्या पृष्ठभागाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे त्याने सूत्ररूपाने मांडले. आजही त्याच्या नावाचे सूत्र आणि त्याच्या नावाचा घर्षणांक खाण-अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवले जातात.

या सूत्राचा ऊर्जेच्या दृष्टीने अर्थ असा. मार्ग तोच असेल तर दाब हवेच्या राशीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि शक्ती म्हणजे दाब गुणिले राशी असल्यामुळे ती घनाच्या प्रमाणात वाढते. त्याच मार्गातून दुप्पट हवा न्यायची तर आठपट शक्ती हवी. उलट, राशी २० टक्क्यांनी कमी करता आली तर शक्ती सुमारे ५१ टक्क्यांवर येते. म्हणजे पाचवा हिस्सा हवा वाचवून जवळजवळ निम्मी शक्ती वाचते. मार्गाचेही असेच. गोल मार्गाचा व्यास १० टक्क्यांनी मोठा असेल तर त्याचा रोध सुमारे ३८ टक्क्यांनी कमी होतो. दोन सारखे मार्ग एकापुढे एक जोडण्याऐवजी शेजारी शेजारी जोडले, तर एकत्रित रोध आठव्या हिश्श्यावर येतो.

या शेवटच्या गोष्टीचा प्रत्यय ॲटकिन्सनपूर्वीच आलेला होता. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एकच प्रवाह साऱ्या खाणीतून नागमोडी फिरवण्याची रीत होती. पहिल्या ठिकाणी वापरलेली हवा दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉन बडल याने प्रवाहाचे विभाग पाडून प्रत्येक भागाला स्वतंत्र ताजी हवा देण्याची पद्धत रूढ केली. त्याचा हेतू मुख्यतः सुरक्षिततेचा होता. ऊर्जा आपोआप वाचली. ॲटकिन्सनच्या सूत्राने या अनुभवाला वाक्य मिळाले, आणि त्या वाक्याचा कर्ता मार्ग होता. माझ्या मते या विषयाच्या गद्यातील ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे. भट्टी की पंखा हा वाद मिटला नाही. पण तो दुय्यम झाला.

६

असे असूनही आजच्या लेखनात ‘वायुवीजनाची ऊर्जा-कार्यक्षमता’ हा शब्दसमूह आला की पुढचे वाक्य बहुधा पंख्याविषयी असते. येथे ‘कार्यक्षमता’ कोणाची, हे विचारले पाहिजे. पंख्याची कार्यक्षमता म्हणजे त्याने हवेला दिलेली शक्ती भागिले त्याने घेतलेली शक्ती. चांगला पंखा या कसोटीस उत्तम उतरतो. परंतु समजा, पंख्याने १०० एकक हवा ओढली आणि कामाच्या तोंडापर्यंत ५० च पोचली. उरलेली ५० बंद वाटांच्या भिंतींतील फटींतून, नीट न मिटणाऱ्या दारांतून, पंख्याशेजारच्याच झडपांतून निसटली. पंखा निर्दोष आहे. खाण मात्र निम्मी हवा नुसतीच फिरवीत आहे. फटी बुजवून निसटणारी हवा २५ वर आणली, तर विहिरीसारख्या सामाईक मार्गातून १०० ऐवजी ७५ एककेच न्यावी लागतील, आणि तेवढ्या मार्गावर खर्च होणारी शक्ती ४२ टक्क्यांवर येईल. या बचतीसाठी लागते ते विटा, चुना, सिमेंट आणि नियमित पाहणी. ‘पंख्याची कार्यक्षमता’ या शब्दांत ते कोठेच दिसत नाही.

पंख्याच्या बाबतीतही जे खरे महत्त्वाचे, ते त्याच्या मार्गाशी असलेल्या नात्यात आहे. बेल्जियमच्या गीबाल याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आपल्या पंख्यास रुंदावत जाणारे निकासाचे धुराडे जोडले. बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग त्यात हळूहळू कमी होऊन वाया जाणाऱ्या गतिज ऊर्जेचा काही भाग दाबाच्या रूपाने परत मिळतो. खाण लहान असताना तिच्या अखेरच्या विस्ताराला पुरेल असा पंखा बसवला आणि झडप अर्धी मिटून चालवला, तर एका बाजूने शक्ती देऊन दुसऱ्या बाजूने तिला अडथळा केल्यासारखे होते. तेच काम फेऱ्यांचा वेग किंवा पात्यांचा कोन बदलून केले तर घनाच्या नियमाचा लाभ मिळतो. १९५१ साली स्कॉट व हिन्सली यांनी जलवाहिन्यांच्या जाळ्यासाठी हार्डी क्रॉस याने सुचविलेली आकडेमोडीची रीत खाणीच्या वायुमार्गांस लावली. तेव्हापासून साऱ्या खाणीला एक जाळे मानून हिशेब करणे शक्य झाले. ‘जाळे’ हा शब्द येथे केवळ रूपक नाही. एका वाटेवरील दार हलले की दूरच्या वाटेतील हवा बदलते, हे त्याने सूचित होते. पंख्याचे चित्र हे सूचित करू शकत नाही.

७

अलीकडच्या दोन-तीन दशकांत ‘मागणीनुसार वायुवीजन’ अशी एक कल्पना पुढे आली आहे. कोणत्या भागात माणसे आहेत, कोणते यंत्र चालू आहे, हवेत कोणते वायू किती आहेत, हे संवेदकांनी टिपायचे, आणि त्यानुसार स्थानिक पंखे व झडपा चालवायच्या. ज्या भागात कोणी नाही तेथे पूर्ण प्रवाह ठेवण्याचे कारण नाही. डिझेलवर चालणाऱ्या यंत्रांच्या धुरासाठी पुष्कळ हवा लागते. ऑन्टारियोतील नियमांत यंत्राच्या दर किलोवॉटमागे सेकंदाला ०.०६ घनमीटर हवेची अट आहे. म्हणजे २५० किलोवॉटच्या एका यंत्रासाठीच सेकंदाला १५ घनमीटर. ही यंत्रे विजेवर चालू लागली की हवेची गरज मुळातूनच घटते. २०१९ साली व्यापारी उत्पादन सुरू झालेली ऑन्टारियोतील बोर्डन खाण या विचाराने आखली गेली.

वाक्याचा कर्ता येथे पुन्हा बदलला आहे: पंखा नव्हे, मार्गही नव्हे, तर कामाचे ठिकाण. हे स्वागतार्ह आहे. तरीही ‘मागणी’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. मागणी हा बाजाराचा शब्द आहे. मागणी करणारा बोलतो. जो बोलत नाही त्याची मागणी नसते. खडकातून झिरपणारा मिथेन मागणी करीत नाही. माणसे निघून गेल्यावर तो थांबत नाही. उलट हवा मंदावली तर छताशी साचतो. म्हणूनच ही पद्धत धातूंच्या खाणींत, जेथे मुख्य प्रश्न यंत्रांचा व सुरुंगांचा धूर हा असतो, अधिक मोकळेपणाने लागू पडते. वायुयुक्त कोळसाखाणीत हवेची किमान राशी वायूच ठरवतो, माणसांची हजेरी नव्हे. अशा ठिकाणी ‘मागणी’ शब्दाने निर्णय घेणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते. ‘गरजेनुसार वायुवीजन’ हा पर्याय मला अधिक प्रामाणिक वाटतो. गरज असायला कोणी बोलावे लागत नाही.

कायद्याची भाषा या बाबतीत साहित्यापेक्षा व शास्त्रापेक्षाही सावध आहे, हे नमूद केले पाहिजे. भारताच्या कोळसाखाण विनियम, २०१७ मध्ये प्रत्येक वायुवीजन-विभागासाठी किमान हवा ठरवली आहे: सर्वांत मोठ्या पाळीतील दर माणशी मिनिटाला ६ घनमीटर, किंवा दैनिक उत्पादनाच्या दर टनामागे मिनिटाला २.५ घनमीटर, यांपैकी जे अधिक असेल ते. आणि ती मोजायची कोठे? पंख्याशी नव्हे, विभागातील शेवटच्या वायुमार्ग-जोडापाशी. पुढे ऑक्सिजन १९ टक्क्यांहून कमी नसावा, परतीच्या हवेत ज्वालाग्राही वायू ०.७५ टक्क्यांहून अधिक नसावा, असेही बंधन आहे. या रूक्ष वाक्यांत एक मोठे शहाणपण आहे. कायद्याला पंखा कोणता, किती अश्वशक्तीचा, याच्याशी कर्तव्य नाही. शेवटच्या माणसापर्यंत काय पोचले, याच्याशी आहे. झोलाच्या दोन उताऱ्यांतील अंतर विनियमाने एका क्रियाविशेषणाने बुजवले आहे.

ही सावधगिरी फुकटची नाही. १९५८ साली पश्चिम बंगालमधील चिनाकुरी येथे आणि १९६५ साली तत्कालीन बिहारमधील, आजच्या झारखंडमधील, ढोरी येथे भूमिगत स्फोट झाले. ढोरीत २६८ माणसे गेली. हे स्फोट काटकसरीमुळे झाले असा माझा दावा मुळीच नाही. पण खाणीतील हवेविषयी लिहिणाऱ्याने ‘बचत’ हा शब्द लिहिताना ही नावे आठवावीत, एवढे तरी अपेक्षित आहे.

८

समारोप करताना एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. इंग्रजीत ज्याला ‘एफिशिअन्सी’ म्हणतात त्याला मराठीत ‘कार्यक्षमता’ म्हणतात, हिंदीत ‘दक्षता’. केंद्र शासनाने २००२ साली स्थापन केलेल्या ‘ऊर्जा दक्षता ब्यूरो’ च्या नावात तोच शब्द आहे. मराठी वाचकास मात्र ‘दक्षता’ म्हणजे सावधपणा, जागरूकता असे वाटते; त्यामुळे हे नाव वाचून आपण क्षणभर अडखळतो. खाणीच्या हवेपुरते पाहता हे अडखळणे उपयोगाचे आहे. तेथे कार्यक्षमता आणि जागरूकता या दोन गोष्टी नाहीतच. दार मिटलेले आहे का, भिंतीला तडा गेला आहे का, शेवटच्या तोंडाशी हवा किती आहे, हे जो रोज पाहतो तोच वीजही वाचवतो आणि माणूसही. जो केवळ पंख्याचा आकडा वाचतो तो दोन्ही गमावण्याचा संभव आहे.

‘वायुवीजन’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. ती बदलावी असे मी सुचवीत नाही. रूढ शब्द मोडण्याने परिभाषा समृद्ध होत नाही. सूचना एवढीच की, मराठीत या विषयावर लिहिताना, आणि विदर्भातील कोळशाच्या व मँगनीजच्या भूमिगत खाणी पाहता असे लेखन मराठीत व्हावयास हवे, वाक्याचा कर्ता जाणीवपूर्वक निवडावा. ‘पंखा इतकी हवा देतो’ असे लिहिण्याऐवजी ‘या ठिकाणी इतकी हवा पोचते, आणि ती पोचविण्यास इतकी शक्ती लागते’ असे लिहावे. पहिल्या वाक्यात खर्च आहे, पण प्राप्ती नाही. दुसऱ्यात दोन्ही आहेत. ऊर्जेच्या बचतीचा सारा हिशेब त्या दुसऱ्या वाक्यातूनच सुरू होऊ शकतो.

त्या विद्यार्थ्याच्या आईने सूत्र शिकलेले नव्हते. पण ‘आज आत हवा होती का?’ या प्रश्नात कर्ता बरोबर होता, स्थळ बरोबर होते, आणि ‘आज’ हा कालनिर्देशही बरोबर होता; कारण खाणीची हवा कालच्यासारखी आज असतेच असे नाही. आपल्या शास्त्रीय गद्याने या प्रश्नाइतके अचूक व्हावे, अशी अपेक्षा बाळगणे अवाजवी ठरू नये.